गवताळ डोंगरउतारावरील स्किपर फुलपाखरे : आधी ओळख, मगच फवारणी



श्रावण-भाद्रपदात भाताची खाचरे फुटव्यांनी भरतात. डोंगरउतारावरचे गवत कमरेएवढे होते. याच दिवसांत बांधावरून, वरकस जमिनीवरून आणि ओढ्याकाठच्या गवतातून लहान, तपकिरी, जाड अंगाची पाखरे झपकन उडताना दिसतात. एका पानावर बसली म्हणेपर्यंत ती दुसऱ्या पानावर गेलेली असतात. पुष्कळदा ही पाखरे म्हणजे पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग आहेत असा समज होतो आणि फवारणीचा पंप बाहेर काढला जातो. त्यात औषधाचा व मजुरीचा खर्च होतो, पिकाला उपयोग काही होत नाही आणि खाचरातील मित्रकीटक मात्र मरतात. दुसरीकडे, याच पाखरांचे खरे घर असलेला डोंगरउतार दर उन्हाळ्यात वणव्यात जळून जातो आणि त्याबरोबर आपला चाराही जातो.

हे दोन्ही तोटे टाळता येतात. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. पाखरू आणि त्याची अळी ओळखता आली म्हणजे पुरे. या लेखात ही ओळख कशी पटवावी, ही फुलपाखरे कोठे राहतात आणि त्या जागेची निगा आपल्या फायद्याने कशी राखावी, याची माहिती दिली आहे.

स्किपर म्हणजे कोणते फुलपाखरू?

फुलपाखरांच्या 'हेस्पेरिडी' या कुळातील कीटकांना इंग्रजीत स्किपर म्हणतात. टुणटुण उड्या मारल्यासारख्या त्यांच्या उडण्यावरून हे नाव पडले. जगात या कुळातील साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. सह्याद्रीच्या रांगांत फुलपाखरांच्या सव्वातीनशेहून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जाती स्किपरच्या आहेत. तरीही आपले लक्ष त्यांच्याकडे जात नाही. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळालेले ब्लू मॉरमॉन हे मोठे, काळे-निळे फुलपाखरू दुरूनही डोळ्यांत भरते. स्किपर मात्र बोटाच्या पेराएवढे आणि मातकट रंगाचे असते. त्यामुळे ते पतंगात जमा होते.

ओळखीच्या पाच खुणा

सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, ऊन पडलेले असताना बांधावर सावकाश फिरावे आणि पुढील खुणा पाहाव्यात.

१. अंग : स्किपरचे अंग पंखांच्या मानाने जाड व दणकट असते. डोके रुंद आणि डोळे मोठे असतात. इतर फुलपाखरांचे अंग सडपातळ दिसते.

२. मिशा : ही सर्वांत खात्रीची खूण आहे. स्किपरच्या दोन मिशा डोक्यावर एकमेकींपासून दूर उगवतात, टोकाकडे जाड होतात आणि बहुतेक जातींत शेवटी आकड्यासारख्या वळतात. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात.

३. बसण्याची ढब : गवतावर वाढणारी बरीच स्किपर फुलपाखरे उन्हात बसताना मागचे पंख आडवे पसरतात आणि पुढचे पंख अर्धवट उभे ठेवतात. बाजूने पाहिल्यास लहानसे विमान उभे आहे असे वाटते. असे बसलेले पाखरू दिसल्यास ते स्किपर समजण्यास हरकत नाही.

४. उडणे : उड्डाण वेगवान, झटक्याझटक्याचे व जमिनीलगत असते. पाने गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग पीक हलवल्यावर थोडेसे फडफडत उडतो आणि लगेच जवळच्या पानाआड बसतो.

५. वेळ : आपल्या बांधावर दिसणारी स्किपर फुलपाखरे दिवसा, उन्हात उडतात आणि एकदांडी, तेरडा, घाणेरी यांसारख्या फुलांवर मध शोषताना दिसतात. पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग रात्री उडतात व प्रकाश सापळ्यात सापडतात.

डोंगरउतारावर व बांधावर दिसणारे मुख्य प्रकार

प्रत्येक जात अचूक ओळखणे तज्ज्ञांनाही सोपे नसते. शेतकऱ्याला प्रकार ओळखता आला तरी निर्णय घेता येतो.

स्विफ्ट गट : भातावर सर्वांत जास्त दिसणारा हा गट. यातील स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, शास्त्रीय नाव पेलोपिडास मॅथियास, हे तपकिरी, किंचित हिरवट झाक असलेले फुलपाखरू आहे. पंख पसरल्यावर त्याची रुंदी साधारण साडेतीन सेंटीमीटर भरते. पुढच्या पंखावर बारीक, अर्धपारदर्शक पांढरे ठिपके कमानीत मांडलेले असतात. नराच्या पुढच्या पंखावर एक तिरपी, राखाडी रेघ असते. याच गटातील राइस स्विफ्ट, म्हणजे बोर्बो सिन्नारा, हेही भातावर व गवतावर वाढते.

कॉमन ग्रास डार्ट : मोकळ्या गवताळ उतारावरील हे फार लहान फुलपाखरू. पंख पसरल्यावर अडीच सेंटीमीटरच्या आसपास भरते. वरून गडद तपकिरी रंगावर पांढरे ठिपके आणि खालून फिकट शिरा दिसतात. वर सांगितलेल्या मिशीच्या खुणेला याचा अपवाद आहे. याच्या मिशीचे टोक आकड्यासारखे नसून चमच्यासारखे चपटे व खोलगट असते.

पिवळे डार्ट : काळपट पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे असलेली ही फुलपाखरे उंच गवत, बांबू, ऊस आणि काही जाती माडाच्या आसपास आढळतात.

बुश हॉपर : हेही लहान व पिवळ्या ठिपक्यांचे असते, परंतु ते कोरड्या माळावर नसून पाणथळ गवतात, ओहोळाच्या कडेला व खाचरात दिसते.

इंडियन स्किपर : काळ्या पंखांवर पांढऱ्या चौकटी असलेले हे फुलपाखरू माळावर जमिनीलगत उडते. याची अळी गवत किंवा भात खात नाही. ती चिकणा व त्याच्या जवळच्या रानझुडपांवर वाढते. हे फुलपाखरू भाताच्या बांधावर दिसले तरी भाताशी त्याचा संबंध नाही.

ग्रास डेमन : नावात ग्रास म्हणजे गवत असले तरी याची अळी हळद, आले आणि रानहळद यांची पाने गुंडाळून खाते. गडद तपकिरी मागच्या पंखावरील मोठा पांढरा डाग ही याची खूण. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी हे फुलपाखरू अवश्य ओळखून ठेवावे.

अधिवास : ही फुलपाखरे राहतात कोठे?

फुलपाखराला फुलातील मध लागतो, परंतु त्याच्या अळीला ठरावीक वनस्पतीच लागते. गवतावर वाढणाऱ्या स्किपरचा अधिवास म्हणजे जिथे अळीचे गवत, फुलपाखराची फुले, ऊन आणि वाऱ्यापासून थोडा आडोसा या चारही गोष्टी जवळजवळ मिळतात ती जागा.

सह्याद्रीच्या पूर्व व पश्चिम उतारांवर, मावळात, कोकणच्या वरकस जमिनीत व सड्यांवर अशा जागा पुष्कळ आहेत. पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल, कुसळी अशी गवते ज्या उतारावर आहेत, मध्ये मध्ये तेरड्यासारखी पावसाळी फुले आहेत आणि कडेला झुडपांची किंवा देवराईची किनार आहे, तेथे स्किपर हमखास मिळतात. याच सह्याद्रीतील ३९ ठिकाणांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत आपल्या राज्यातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. परंतु अधिवास केवळ अशा नावाजलेल्या ठिकाणीच असतो असे नाही. आपल्या वाडीच्या मागचा गवताचा उतार हाही अधिवासच आहे.

गवत सतत चारून जमिनीलगत आले तर अळीला नळी करायला पान उरत नाही. उलट घाणेरी, रानमोडी यांसारख्या तणझुडपांनी उतार झाकून टाकला तर सावलीने गवत मरते. म्हणजे गवत राहिले पाहिजे आणि त्यावर ऊनही पडले पाहिजे. आपल्या जनावरांच्या चाऱ्यासाठीही नेमके हेच हवे असते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

जीवनक्रम

भातावरील स्विफ्टची मादी पानावर एकेक सुटे अंडे घालते. अंडे अर्धगोल, फिकट रंगाचे असते. चार-पाच दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते. अळी पानाच्या कडा रेशमी धाग्याने जोडून नळी तयार करते व तिच्यात लपते. ती मुख्यत्वे रात्री बाहेर येऊन पान खाते. पूर्ण वाढलेली अळी साडेतीन ते चार सेंटीमीटर किंवा थोडी अधिक लांब, हिरवी व गुळगुळीत असते. कोषही हिरवा, लांबट व टोकदार असतो आणि पानाला धाग्याने बांधलेला असतो. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत पावसाळी हवेत सुमारे पाच आठवडे लागतात, थंडीत त्याहून अधिक.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. अंडी, अळी आणि कोष या तीनही अवस्था गवताच्या पात्यावरच असतात. आग लागली तर मोठे फुलपाखरू उडून जाऊ शकते, पण या तीन अवस्था जागच्या जागी जळतात.

भातावरील इतर अळ्यांशी फरक

फवारणीचा निर्णय पाखरू पाहून न घेता अळी व पानावरील नुकसान पाहून घ्यावा. गुंडाळलेले पान हलकेच उलगडावे आणि पुढील फरक पाहावेत.

स्किपरची अळी : डोके मोठे, त्यामागे मान बारीक दिसते. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या अळीच्या फिकट हिरव्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस-तपकिरी रेघा असतात. अळी पान कडेकडून मध्यशिरेकडे खात जाते, त्यामुळे पानाचा तुकडाच नाहीसा होतो. ती विष्ठा नळीबाहेर फेकते, म्हणून नळी आतून स्वच्छ असते.

पाने गुंडाळणारी अळी : ही बारीक, पिवळसर हिरवी व जेमतेम दोन सेंटीमीटरपर्यंत वाढणारी असते. हात लावताच वेगाने वळवळते. ती गुंडाळलेल्या पानाच्या आत राहून हिरवा भाग खरवडते, त्यामुळे पानावर लांब पांढरे पट्टे दिसतात. आत विष्ठा साचलेली असते. हिचा पतंग पिवळसर असून पंखांवर गडद नागमोडी रेषा असतात.

सुरळीतील अळी : ही पानाचे तुकडे कापून त्यांची सुरळी करते आणि सुरळीसह पाण्यावर तरंगते. स्किपरची नळी मात्र पानालाच जोडलेली असते.

लष्करी अळी : नळी करत नाही. दिवसा चुडाच्या बुंध्याशी लपते आणि रात्री मोठ्या संख्येने पाने फस्त करते.

शिंगे असलेली हिरवी अळी : डोक्यावर दोन लहान शिंगे व शेपटीला दोन टोके असतात. ही इव्हनिंग ब्राउन नावाच्या फुलपाखराची अळी आहे. हीसुद्धा सहसा थोड्या संख्येने आढळते.

फवारणी करावी का?

स्किपर ही भाताची दुय्यम कीड आहे. ती एकेक अंडे घालत असल्यामुळे अळ्या शेतभर विखुरलेल्या राहतात. पीक फुटव्यांच्या अवस्थेत असताना थोडी पाने गेली तरी भात नवीन पाने व फुटवे देऊन ती भरपाई करतो. शिवाय अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या सूक्ष्म गांधीलमाश्या, अळीच्या अंगात वाढणारे परोपजीवी कीटक, कोळी, चतुर व पक्षी हे या अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. म्हणून केवळ तपकिरी फुलपाखरे उडताना दिसली एवढ्यावरून फवारणी करू नये.

गरज नसताना केलेल्या फवारणीचा फटका आधी या मित्रकीटकांना बसतो. ते नाहीसे झाले की तुडतुडे व पाने गुंडाळणारी अळी यांसारख्या खऱ्या किडींना मोकळे रान मिळते. मग दुसरी, तिसरी फवारणी करावी लागते.

पुढील पद्धत वापरावी :

१. आठवड्यातून एकदा शेताच्या चार कोपऱ्यांतील व मध्यभागातील मिळून २० चूड तपासावेत.

२. गुंडाळलेली पाने मोजावीत आणि त्यांतील काही उलगडून अळी कोणती ते पाहावे.

३. स्किपरच्या तुरळक नळ्या असतील तर काही करू नये, किंवा नळी बोटांनी दाबून अळी मारावी. रोपवाटिकेत व नुकत्याच लावणी झालेल्या शेतात हे काम एका फेरीत होते.

४. पक्ष्यांना बसण्यासाठी शेतात काठ्यांचे पक्षीथांबे उभारावेत.

५. प्रादुर्भाव वाढत असल्यास प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. १०० लिटर द्रावणासाठी ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून वापरावी.

६. पोटरीपासून दाणे भरेपर्यंत वरचे शेवटचे पान फार मोलाचे असते, कारण दाणा भरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. या काळात पाहणी अधिक काळजीने करावी. नुकसान वाढताना दिसल्यास गुंडाळलेली काही पाने अळीसह पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे दाखवावीत. कीड निश्चित झाल्यावरच शिफारशीत औषध, शिफारशीत मात्रेत वापरावे.

हळदीवर ग्रास डेमनच्या अळ्या असल्यास हाच क्रम ठेवावा. गुंडाळलेली पाने अळीसह तोडून नष्ट करणे हा पहिला उपाय.

डोंगरउताराची निगा

वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगले फुटते, असा समज अनेक गावांत आहे. राखेवर पहिल्या पावसात हिरवे कोंब उठून दिसतात, त्यामुळे तसे वाटते खरे. पण आगीत उभा चारा, जमिनीवर पडलेले गवताचे बी आणि पालापाचोळा जळतो. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच जोराच्या सरीने धुपून खालच्या खाचरात व ओढ्यात जाते. परोपजीवी कीटकांना ज्या अळ्यांवर व अंड्यांवर भात नसतानाच्या काळात जगता येते, त्याही जळतात. म्हणजे पुढच्या हंगामातील फुकटचे राखणदार आपण स्वतःच्या हाताने कमी करतो.

त्याऐवजी पुढीलप्रमाणे नियोजन करावे :

● गवत पिकून बी पडू लागल्यावर, साधारण दिवाळीच्या आसपास, विळ्याने कापावे. चारा साठवता येतो आणि वणव्याला जळण उरत नाही.

● संपूर्ण उतार एकाच दिवशी साफ करू नये. उताराला आडवे तीन पट्टे पाडावेत. दोन पट्टे कापावेत व एक राखावा. दरवर्षी राखायचा पट्टा बदलावा. राखलेल्या पट्ट्यात अळ्या व कोष सुरक्षित राहतात आणि माती अडते.

● उन्हाळा सुरू होण्यापूर्वी उताराच्या कडेने गवत काढून मोकळी जाळरेषा ठेवावी. जाळरेषा काढण्याचे काम वाडीतील सर्वांनी मिळून केल्यास राखलेला पट्टाही वाचतो.

● पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे उतारावर चराई बंद ठेवावी. गवताला मुळे धरू द्यावीत.

● घाणेरी व रानमोडी फुलोऱ्यावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावी.

● डोंगरावर झाडे लावताना चांगला गवताळ भाग मोकळा ठेवावा. गवताचा माळ म्हणजे पडीक जागा नव्हे.

याचा अर्थ शेतातील प्रत्येक बांधावर गवत माजू द्यावे असा नाही. रोपवाटिकेभोवतीचे व खाचरांचे बांध स्वच्छ ठेवावेत, कारण भातावरील काही रोग व किडी बांधावरच्या तणांवर टिकून राहतात. गवत राखायचे ते वरच्या उतारावर, पिकापासून दूर.

नोंद ठेवा

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या मदतीने एका वहीत साधी नोंद ठेवावी. तारीख, जागा, ऊन की ढग, फुलपाखराचा रंग व ठिपके, बसण्याची ढब, कोणत्या गवतावर किंवा फुलावर होते, आणि त्या आठवड्यात भातावर किती गुंडाळलेली पाने मिळाली, एवढे लिहिले तरी पुरे. मोबाइलवर पंखांची वरची व खालची अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतल्यास तज्ज्ञांना जात सांगणे सोपे जाते. दोन-तीन हंगामांत आपल्या शिवारात कोणते पाखरू केव्हा येते आणि त्यामागे नुकसान होते की नाही, हे स्वतःच्याच नोंदीवरून कळेल.

सारांश

आकडेदार मिशी, विमानासारखी बैठक आणि झटक्याचे उड्डाण दिसले की ते स्किपर. पान उलगडून स्वच्छ नळी व बारीक मानेची अळी दिसली की ती स्किपरची. ती थोड्या संख्येने असेल तर पंप घरीच ठेवावा. पानावर पांढरे पट्टे व आत विष्ठा दिसली तर ती पाने गुंडाळणारी अळी, तिच्यासाठी मात्र शिफारशीप्रमाणे वेळीच उपाय करावा. आणि डोंगरावरचे गवत जाळू नये, कापावे. त्यात जनावरांचा चारा आहे, खाचराची माती आहे आणि पिकाची राखण करणाऱ्या कीटकांचा आसराही आहे. येत्या खरिपात शेतकरी बंधू-भगिनींनी फवारणीपूर्वी २० चूड तपासण्याची सवय लावून घ्यावी.